जुना फ्रीज : ठेवावा की बदलावा? आधी हिशेब मांडा

उन्हाळा तोंडावर आला किंवा बकरी ईद जवळ आली की पनवेलच्या घराघरात एक प्रश्न निघतो. फ्रीज जुना झाला आहे, बर्फ नीट जमत नाही, मिस्त्री दरवर्षी काही ना काही काढतो. आता बदलावा का? घरातली मंडळी म्हणतात बदला, कर्ता पुरुष म्हणतो चालतो आहे तोवर चालू द्या. दोघेही अंदाजाने बोलतात, हिशेब कुणीच करीत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. दुकानात न खपलेला माल पडून राहिला तर तो फुकट पडलेला नसतो, हे आम्हाला अनुभवाने कळते. तो जागा अडवतो, भांडवल अडवतो. जुन्या फ्रीजचेही तसेच आहे. त्याची किंमत केव्हाच वसूल झाली म्हणून तो फुकट चालतो असे वाटते. प्रत्यक्षात तो दर महिन्याला वीजबिलातून आपले भाडे घेत असतो. हे भाडे किती, हे कळल्याशिवाय ठेवण्याचा निर्णयही चुकीचा आणि बदलण्याचाही चुकीचा.

वयावर जाऊ नका

गोदरेज कंपनीने १९५८ साली आपल्या देशात फ्रीज बनवायला सुरुवात केली. त्यानंतर अनेक वर्षे एका दाराचा, १६५ लिटरचा, जाड पत्र्याचा फ्रीज हीच मध्यमवर्गीय घराची शान होती. ते फ्रीज टिकाऊ होते यात शंका नाही. पंचवीस-तीस वर्षे चाललेले फ्रीज आजही आपल्या बाजारपेठेत काही दुकानांत, काही घरांत दिसतात. म्हणून लोक म्हणतात, जुना माल तो जुना माल.

पण टिकणे वेगळे आणि स्वस्तात चालणे वेगळे. फ्रीजच्या भिंतीत फोम भरलेला असतो. तो बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. वर्षे जातात तसा त्याचा गुण कमी होतो. दाराचा रबर कडक होतो. पनवेलची हवा खाडीची, दमट, त्यामुळे खालचा पत्रा गंजतो. मग थंडावा टिकत नाही आणि कॉम्प्रेसरला जास्त वेळ चालावे लागते. फ्रीज बंद पडत नाही, पण खर्च वाढत जातो, आणि हा खर्च डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून दहा वर्षे झाली की बदला, असा सरसकट नियम आम्ही सांगणार नाही. दहा वर्षांनंतर मोजायला लागा, एवढेच सांगू.

मोजण्याची सोपी रीत

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे गाव महाड, म्हसळा, श्रीवर्धन किंवा मुरूडकडे आहे. दोन दिवस गावाला जायचे असेल तेव्हा घरातील सगळी बटणे बंद करा, फक्त फ्रीज चालू ठेवा. निघताना विजेच्या मीटरवरील आकडा कागदावर लिहा. परत आल्यावर पुन्हा लिहा. वजाबाकी करा आणि दिवसांनी भागा. फ्रीज रोज किती युनिट खातो ते कळेल. घरात माणसे असताना दार वारंवार उघडते, गरम भांडी आत जातात, म्हणून या आकड्यात थोडी भर घाला. कुणाला गावाला जायचे नसेल तर प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर बाजारात मिळते. ते चार घरांनी मिळून एक घेतले तरी पुरे.

आकडा कसा असतो ते पाहा. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर १२० वॅटचा धरू. तो धडधाकट असेल तर थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो. दिवसातून आठ तास चालला तर सुमारे एक युनिट. फोम आणि रबर गेलेला असेल तर तोच कॉम्प्रेसर सोळा तास चालतो, म्हणजे जवळपास दोन युनिट. फ्रीज तोच, कॉम्प्रेसर तोच, पण खर्च दुप्पट.

आता नव्याचा आकडा. दुकानात प्रत्येक फ्रीजवर ताऱ्यांचे लेबल असते. केंद्र सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ साली स्थापन झाला. त्याने २००६ साली ही तारांकन योजना सुरू केली आणि २०१० पासून आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना लेबल सक्तीचे झाले. लोक तारे मोजतात आणि निघून येतात. तारे जरूर मोजा, पण त्याखाली वर्षभराच्या युनिटांचा आकडा छापलेला असतो, खरा कामाचा तोच. आणखी एक गोष्ट. ताऱ्यांची कसोटी ठराविक वर्षांनी कडक केली जाते. फ्रीजसाठी ती १ जानेवारी २०२३ पासून अशीच कडक झाली. म्हणून जुन्या लेबलावरील पाच तारे आणि नव्या लेबलावरील पाच तारे एकाच भावाचे नाहीत. लेबलावरील वर्ष वाचा. कापडावरचा गिरणीचा शिक्का आपण वाचतो, तसेच हेही वाचावे.

नफा-नुकसानीचा हिशेब

समजा, नवा एका दाराचा फ्रीज १६,००० रुपयांना मिळतो आणि आपल्या घरात तो वर्षाला २०० युनिट घेईल. समजा, विजेचा आपल्याला लागू असलेला दर सगळे आकार धरून १२ रुपये आहे.

पहिले घर. जुना फ्रीज रोज दोन युनिट घेतो, म्हणजे वर्षाला ७३० युनिट. नवा घेतल्यास ५३० युनिट वाचतात. त्याचे ६,३६० रुपये झाले. म्हणजे अडीच वर्षांत नव्या फ्रीजची किंमत निघाली. त्यानंतरची बचत घरात राहिली. या घराने जुना फ्रीज ठेवणे म्हणजे नव्याचे पैसे भरून जुनाच वापरणे होय.

दुसरे घर. जुना फ्रीज रोज एक युनिट घेतो, वर्षाला ३६५. वाचतात १६५ युनिट, म्हणजे १,९८० रुपये. किंमत निघायला आठ वर्षे लागतील. या घराने फक्त विजेसाठी फ्रीज बदलू नये. रबर बदलावा, साफसफाई करावी आणि वापरावा.

यात दर कोणता धरायचा, तिथे बहुतेकांची चूक होते. लोक संपूर्ण बिलाला एकूण युनिटांनी भागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. महिन्याचे पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग, त्याच्यावर सर्वात महाग. आपण जे युनिट वाचवतो ते वरच्या टोकाचे वाचतात. ज्या घराचे महिन्याला ३४० युनिट होतात, त्याने ४४ युनिट वाचवले तर त्यातील ४० युनिट तिसऱ्या टप्प्यातील आहेत. म्हणून आपण ज्या टप्प्यात आहोत त्याचा दर बिलावरून घ्या, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा आणि मग गुणाकार करा. मोठ्या कुटुंबाला नवा फ्रीज लवकर परवडतो, दोन माणसांच्या घराला उशिरा, त्याचे कारण हेच.

कोणती दुरुस्ती करावी, कोणती नको

फ्रीज बिघडला की मिस्त्री काय सांगतो त्यावर निर्णय होतो. म्हणून चार गोष्टी आपल्याला ठाऊक असाव्यात.

दाराचा रबर, थर्मोस्टॅट, रिले, आतला दिवा, दाराचा कब्जा ही किरकोळ दुरुस्ती आहे. फ्रीजचे बाकी अंग चांगले असेल तर ती जरूर करावी. रबराची परीक्षा घरीच होते. दारात कागदाची पट्टी अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. विनासायास निघून आली तर रबर गेला. दाराच्या चारही बाजूंना ही परीक्षा करा.

जुन्या फ्रीजच्या पाठीमागे काळी जाळी असते. आतली उष्णता तिथून बाहेर पडते. आपल्या लोकांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे. ज्या घरात शिलाई, भरतकाम किंवा गादीचे काम चालते, तिथे कापसाचे तंतू आणि धूळ या जाळीवर थर धरतात. जाळीला वारा मिळत नाही आणि कॉम्प्रेसर तापून चालत राहतो. प्लग काढून दर दोन-तीन महिन्यांनी कोरड्या ब्रशने ती झाडावी. फ्रीज भिंतीला चिकटवू नये. पुष्कळ वेळा मिस्त्री कॉम्प्रेसर गेला म्हणतो आणि दोष या धुळीचा असतो. नव्या फ्रीजमध्ये बहुधा ही जाळी दिसत नाही, ती बाजूच्या पत्र्याआड असते. म्हणून त्याच्या बाजू कोमट लागतात. तो दोष नव्हे, पण बाजूला मोकळी जागा हवी.

कॉम्प्रेसर जाणे किंवा गॅस गळणे ही मोठी दुरुस्ती. खर्च नव्या फ्रीजच्या निम्म्याजवळ जात असेल आणि फ्रीज दहा वर्षांच्या पुढे गेला असेल, तर तो करू नये. गळती भिंतीतील फोमाच्या आत असेल तर तिथे हातच पोचत नाही. नुसता गॅस भरून घेतला तर काही महिन्यांत पुन्हा तेच.

गॅसबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. पूर्वीच्या फ्रीजमध्ये आर-१२ नावाचा गॅस असे. त्याने आकाशातील ओझोनचा थर विरळ होतो, म्हणून १९८७ साली माँट्रियल येथे जगातील देशांचा करार झाला आणि भारत १९९२ साली त्यात सामील झाला. आपल्याकडे १ जानेवारी २००३ पासून नव्या फ्रीजमध्ये हा गॅस वापरण्यास बंदी आली आणि २०१० पर्यंत त्याचे उत्पादनही थांबले. फ्रीजच्या मागील पट्टीवर आर-१२ लिहिलेले असेल आणि गॅस गळाला असेल, तर मिस्त्री दुसराच गॅस भरणार. जुन्या कॉम्प्रेसरचे तेल आणि नवा गॅस यांचे जमेलच असे नाही. अशा फ्रीजचा निकाल लागला असे समजावे.

आजच्या अनेक फ्रीजमध्ये आर-६००ए गॅस असतो. तो ओझोनला घातक नाही, पण पेट घेणारा आहे. त्याचे प्रमाण थोड्या ग्रॅमांचेच असते, त्यामुळे एरवी भिण्याचे कारण नाही. मात्र त्याची दुरुस्ती शिकलेल्या माणसाकडूनच करावी. पट्टीवर काय लिहिले आहे ते न वाचता थेट ज्योत पेटवणाऱ्या मिस्त्रीला घराबाहेरच थांबवावे.

हिशेब न मांडता बदलावे असे प्रसंग

काही वेळा पैशाचा प्रश्नच उरत नाही. फ्रीजच्या पत्र्याला हात लावताच झटका बसत असेल तर त्याच क्षणी प्लग काढा. घराचे अर्थिंग आणि फ्रीजची वायरिंग दोन्ही तपासून घ्या. वायरिंग सडलेली असेल तर त्या फ्रीजला निरोप द्या. ओल्या हाताने दार उघडणारी घरातील बाई किंवा मूल यांच्या जिवापेक्षा कोणताही फ्रीज महाग नाही.

दुसरा प्रसंग पुराचा. २६ जुलै २००५ चा पूर रायगड जिल्ह्याने पाहिला आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड आणि चिपळूणमध्ये पाणी शिरले तेव्हा पनवेलमधील किती घरांचे नातेवाईक त्यात सापडले, हे सर्वांना माहीत आहे. पुरात बुडालेला फ्रीज वाळवून लगेच चालू करू नये. जाणकाराने तपासल्याशिवाय त्याला वीज लावू नये. तो चालू झाला तरी घाण पाणी फोमात मुरलेले असते. थंडावा टिकत नाही आणि वास जात नाही.

तिसरा प्रसंग अन्नाचा. फ्रीजच्या मधल्या फळीवर पाण्याने भरलेल्या ग्लासात साधा थर्मामीटर रात्रभर ठेवा. सकाळी पारा ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. थर्मोस्टॅट पुढे करूनही तो ८-१० वर राहत असेल, तर तो फ्रीज अन्न राखत नाही, फक्त थंड भासवतो. त्यात ठेवलेले दूध आणि सालन वास येण्याआधीच खराब झालेले असू शकते. ज्या घरातून डबे जातात किंवा ज्यांचा खानावळीचा धंदा आहे, त्यांच्यासाठी हा गिऱ्हाइकाच्या पोटाचा प्रश्न आहे.

बकरी ईदचे गोश्त याच कसोटीवर पाहावे. गोश्त बरेच दिवस राखायचे तर उणे १८ अंश लागतात. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा अनेकदा तिथवर पोचत नाही. त्यात मोठमोठे ढीग कोंबले की वरचा थर गोठतो आणि मधला भाग तसाच राहतो. गोश्त लहान, चपट्या पिशव्यांत भरून थोडे थोडे ठेवावे. कप्पा कमजोर असेल तर वाटप लवकर उरकावे आणि घरचा हिस्सा लवकर संपवावा. वर्षातील तीन दिवसांसाठी अवाढव्य फ्रीज घेऊन उरलेले वर्ष अर्धा रिकामा चालवणे ही फिजूलखर्ची आहे.

खरेदी केव्हा आणि कशी

फ्रीज मेल्यावर नवा घ्यायला जाऊ नये. भर उन्हात किंवा ईदच्या आदल्या दिवशी गेलेल्या गिऱ्हाइकाची घाई दुकानदार ओळखतो. आपणही दुकानदार आहोत, आपल्याला हे सांगायला नको. मोजमाप करून निर्णय झाला असेल तर पावसाळ्यात, मंदीच्या दिवसांत भाव करावा. ताऱ्यांची कसोटी बदलणार असेल तेव्हा जुन्या लेबलाचा माल सवलतीत निघतो. तो घ्यायला हरकत नाही, फक्त वर्षाच्या युनिटांचा आकडा पाहून सवलत पुरेशी आहे का ते ठरवावे.

एक्सचेंजच्या जाहिरातीला भुलू नका. आधी जुना फ्रीज न देता काय भाव, ते विचारा. मग देऊन काय भाव, ते विचारा. दोन्हींतील फरक हीच जुन्याची खरी किंमत.

हप्त्यांचेही असेच आहे. ‘शून्य टक्के व्याज’ अशी पाटी दुकानोदुकानी असते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते. रोख भाव, हप्त्यांची बेरीज आणि प्रक्रिया शुल्क हे तीन आकडे कागदावर घ्या. रोखीत मिळणारी सूट हप्त्यात मिळत नसेल तर तेच व्याज. जे व्याजापासून दूर राहू इच्छितात त्यांच्यासाठी आपल्या आया-बहिणींची भिशी ही जुनी आणि सरळ वाट आहे. फ्रीज दहा वर्षांचा झाला की भिशीत नाव घाला, तो बंद पडेल तेव्हा पैसे हाताशी असतील.

बिल पक्के घ्या. जुलै २०१८ मध्ये फ्रीजवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कच्च्या बिलात थोडे वाचले असे वाटते, पण वॉरंटी मागायला गेल्यावर तोंड लपवावे लागते. कॉम्प्रेसरवर दहा वर्षे अशी मोठी अक्षरे असली तर बारीक अक्षरेही वाचा. बहुधा बाकी भाग, गॅस आणि मजुरी यांची हमी एकच वर्षाची असते. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रीज घेतलात तर तो सतत हळू चालत राहील. तो बिघाड नव्हे, त्याची चालच तशी आहे.

जुन्याचे काय करावे

नवा आला की जुना दुकानात नेऊन ठेवायचा किंवा दुसऱ्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवायचा, ही आपल्याकडची सर्वसाधारण चाल. त्यात सगळा हिशेब बुडतो. नव्याने वाचवलेले युनिट जुना खातो, वर नव्याची किंमत गेली ती वेगळीच. दुकानाच्या मीटरचा दर तर घरगुती पहिल्या टप्प्यापेक्षा बराच जास्त असतो.

दुसरी चाल म्हणजे तो एखाद्या गरीब नातेवाईकाला किंवा कामगाराला देणे. देणाऱ्याची नियत चांगली असते. पण विचार करा, जो फ्रीज महिन्याला साठ युनिट खातो म्हणून आपण काढला, तो आपल्यापेक्षा कमी कमाई असलेल्या घरात गेला. आपल्याला जे परवडले नाही ते त्याला कसे परवडेल? ज्याचे बिल शंभर युनिटांच्या आत होते, त्याचे आपल्या देणगीमुळे शंभराच्या पुढे जाईल. मोजून चांगला निघालेला फ्रीज जरूर द्या. वाईट निघालेला देऊ नका. द्यायचेच असेल तर त्याच्या भंगाराचे पैसे द्या, ते त्याच्या कामी येतील.

भंगारात देतानाही काळजी हवी. रस्त्यावरचा भंगारवाला नळी तोडून गॅस हवेत सोडतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या मालाची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. नवा घेताना दुकानदाराला विचारा, जुना कंपनीमार्फत जाणार की नाही. आणि जुना फ्रीज अंगणात किंवा जिन्याखाली ठेवायची वेळ आलीच तर त्याचे दार काढून ठेवा. खेळता खेळता मूल आत शिरले आणि दार लागले तर आतून हाक ऐकू येत नाही.

तेव्हा व्यापारी आणि कारागीर बांधवांनो, येत्या आठवड्यात एवढेच करा. मीटरचे दोन आकडे लिहा, रबरात कागद ओढून पाहा, पाण्याच्या ग्लासात पारा पाहा. फ्रीज रोज एका युनिटाच्या आसपास असेल आणि पारा ५ अंशांखाली असेल, तर शेजाऱ्याचा नवा फ्रीज पाहून मन चलबिचल करू नका. दोन युनिटांच्या पुढे असेल, तर आजपासून पैसे बाजूला काढा. धंद्यात पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्याने घरच्या स्वयंपाकघरातही तो ठेवला तर त्यात बरकतच आहे.